काला : मध्यान्हीचे खुले कीर्तन आणि सहभोजन
(पवनार परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :

मराठी प्रयोगकलांची चर्चा प्रायः रात्रीच्या संदर्भात झालेली आहे. तमाशा, दशावतार, गोंधळ, विदर्भातील दंडार, झाडीपट्टीतील नाटके हे सारे बहुतांशी दिवेलागणीनंतरचे प्रकार होत. त्यांचे सौंदर्य अंधार आणि उजेड यांच्या खेळावर उभे आहे, हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. मात्र ऐन मध्यान्ही, उघड्यावर, कोणतेही प्रवेशमूल्य न घेता सादर होणारा आणि अन्नग्रहणाने पूर्ण होणारा एक प्रयोग गावोगावी शतकानुशतके चालू असूनही त्याकडे प्रयोग म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. हा प्रयोग म्हणजे काल्याचे कीर्तन. भक्तिसंप्रदायाचा एक विधी एवढीच त्याची नोंद घेतली जाते आणि त्यातील जेवणाचा भाग तर 'नंतर महाप्रसाद झाला' अशा एका वाक्यात उरकला जातो.

अलीकडे महानगरांतून दुपारच्या सुटीत चौकात किंवा बागेत विनामूल्य संगीत-नृत्याचे कार्यक्रम करावेत, बाजूला स्थानिक पदार्थांच्या फिरत्या खाद्यगाड्या उभ्या कराव्यात आणि लोकांनी खातखात कलास्वाद घ्यावा, अशी कल्पना रूढ होत आहे. ती पाश्चात्त्य नगरांतून आली असे मानले जाते. कला, अन्न, उघडे आकाश आणि दुपार ही चारही अंगे काल्यातही आहेत. तेव्हा साम्य कोठे संपते आणि भेद कोठे सुरू होतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील पवनारच्या संदर्भात तपासला आहे. पवनारची निवड का केली, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

दुपारचा प्रयोग :

सप्ताहाचे वेळापत्रक सर्वपरिचित आहे. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यापुढे जागर असे सात दिवस लोटल्यावर आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास काल्याचे कीर्तन उभे राहते व मध्यान्हीच्या सुमारास संपते. सात दिवस पहाऱ्याने खांद्यावर राहिलेली वीणा त्यानंतर खाली उतरते. निरूपणास घेतलेला अभंग कृष्णाच्या बाललीलांचा असतो. नामदेव, एकनाथ आणि तुकाराम यांच्या गाथांत काल्याचे अभंग वेगळेपणाने उठून दिसतात, कारण त्यांत तत्त्वचर्चा कमी आणि खेळ अधिक आहे.

रात्रीच्या कीर्तनात श्रोता अंधारात असतो. काल्यात तसा आडोसा नाही. कीर्तनकाराला प्रत्येक चेहरा दिसतो आणि श्रोत्याला दुसरा श्रोता दिसतो. कोण डुलकी घेत आहे, कोणाचे डोळे पाणावले, कोण मंडपाच्या कडेला उभा राहून आत येण्यास संकोचत आहे, हे सर्वांना सर्वांचे दिसते. मुले टाळकऱ्यांच्या पायांतून धावतात. पावली आणि फुगडी यांत टाळकरी आणि बघे यांतील सीमा काही काळ पुसली जाते. रंगमंचाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे प्रेक्षागृह आणि रंगमंच यांवर एकच प्रकाश आहे, आणि तो सूर्याचा असल्याने त्यावर कोणाचेही नियंत्रण नाही.

दुसरी बाब गंधाची. मंडपापासून काही अंतरावर चुली पेटलेल्या असतात. वरणाला उकळी येत असते, आलू-वांग्याच्या भाजीचा फोडणीचा वास वाऱ्याबरोबर येतो. रसिकतेच्या रूढ कल्पनेनुसार हा व्यत्यय मानावा लागेल. वस्तुतः काल्याच्या कीर्तनकाराचे कौशल्य याच वासाशी जुळवून घेण्यात आहे. भुकेलेले गोपाळ शिंक्यांतील शिदोऱ्या सोडतात, हा प्रसंग तो भुकेलेल्या श्रोत्यांपुढे सांगतो. कथेतील भूक आणि मंडपातील भूक एकच होते. नाट्यशास्त्रात ज्याला साधारणीकरण म्हणतात त्याचे इतके शारीर उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल. निरूपण लांबले तर ही भूक चिडीत बदलते; वेळेपूर्वी संपले तर प्रसंग फिका पडतो. चांगला कीर्तनकार आचाऱ्याकडून भाताचा अंदाज घेऊन चाल लावतो, असे विनोदाने म्हटले जाते. त्या विनोदात प्रयोगाच्या लयीचे एक खरे निरीक्षण आहे.

शेवटी हंडी फुटते. लाह्या, पोहे, दही, लोणचे एकत्र झालेले असते. ते हातावर घेतले जाते आणि एकमेकांच्या मुखात घातले जाते. या क्षणापर्यंत कीर्तन पूर्ण झालेले नसते. अन्न हे येथे प्रयोगाचे शेवटचे अंग आहे. ते वगळून काल्याचे कीर्तन करता येत नाही, जसे भरतवाक्य वगळून संस्कृत नाटक संपवता येत नाही.

शिदोरी कोणाची? :

या प्रसंगाचे मूळ भागवताच्या दशमस्कंधात, तेराव्या अध्यायात आहे. अघासुराच्या वधानंतर कृष्ण सोबत्यांना यमुनेच्या वाळवंटावर घेऊन येतो. दिवस वर आलेला आहे, भूक लागली आहे, वासरे पाणी पिऊन जवळच चरतील, आपण येथेच जेवू, असा त्याचा प्रस्ताव आहे. मुले त्याच्याभोवती वर्तुळे करून बसतात. कोणी फुलाचे, कोणी पानाचे, कोणी सालीचे, कोणी दगडाचे ताट करतो. प्रत्येक जण आपल्या घरून आणलेल्या पदार्थाची चव दुसऱ्याला दाखवतो.

या वर्णनातील निर्णायक तपशील असा की, अन्न यजमानाकडून आलेले नाही. ते प्रत्येकाच्या घरून आले आहे. कृष्णही आपली शिदोरी घेऊन आलेला आहे. मराठी संतांनी याच तपशिलाला 'काला' हे नाव देऊन त्याचा विस्तार केला. काला म्हणजे कालवलेले, मिसळलेले. ज्याची शिदोरी शिळी आणि ज्याची ताजी, ज्याच्या घरी लोणी आणि ज्याच्या घरी केवळ भाकर, अशा सर्वांच्या गाठोड्यांचे एकत्र होणे हा त्याचा अर्थ. श्रोता येथे दाता आहे. तो काही घेऊन आला नाही तर काला होऊच शकत नाही.

या निकषावर पाहता आजच्या गावोगावच्या काल्यात दोन भिन्न व्यवस्था एकत्र नांदत असल्याचे दिसते. हंडीतील काला ही प्रतीकरूप शिदोरी आणि त्यानंतरचा महाप्रसाद ही पंगत. पंगतीसाठी पूर्वी घरोघरी फिरून गहू, तांदूळ, डाळ गोळा करण्याची पद्धत सार्वत्रिक होती आणि अनेक गावांत ती अद्याप टिकून आहे. अशा वर्गणीत शिदोरीचा अंश शिल्लक राहतो, कारण अडीच पायली गहू देणारा आणि ओंजळभर देणारा या दोघांचेही धान्य एकाच पोत्यात जाते. परंतु जेथे संपूर्ण पंगत एकाच दात्याने 'दिली' आहे आणि त्याचे नाव फलकावर व ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा घोषित होत आहे, तेथे श्रोता दाता राहत नाही. तो लाभार्थी होतो. अन्न तेच, मंडप तोच, अभंगही तोच असतो. बदलतो तो प्रयोगाचा अर्थ. कीर्तनकार शिदोऱ्या एकत्र करण्याची कथा सांगतो आणि श्रोते दुसऱ्याच्या दानाची वाट पाहत बसतात, ही विसंगती समीक्षेने नजरेआड करू नये. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये हा वारकरी संप्रदायातील जुना आग्रह आणि आज ठरवून घेतले जाणारे मानधन यांतील अंतरही याच प्रश्नाशी निगडित आहे, मात्र त्याची चर्चा पुष्कळ झालेली असल्याने येथे विस्तार टाळला आहे.

पवनार : धाम नदीचा काठ :

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर, नागपूर मार्गालगत, धाम नदीच्या काठी पवनार वसले आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर या मताला पर्याय सुचवला गेला आणि वाद अद्याप मिटलेला नाही. आश्रमाच्या भूमीत सापडलेली वाकाटककालीन शिल्पे मात्र प्रत्यक्ष समोर आहेत. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य या प्रवरसेनाच्या नावावर आहे. राजसभेसाठी रचलेल्या त्या काव्याचा श्रोता निवडक होता, एवढेच या विषयापुरते लक्षात ठेवावे.

1938 मध्ये विनोबा भावे पवनारला राहावयास आले. 1940 च्या 17 ऑक्टोबरला वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ त्यांनी येथूनच केला आणि 1959 मध्ये येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. या घटना सुविदित आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गांधीजींच्या अस्थींचे एक विसर्जन 1948 च्या 12 फेब्रुवारीला धाम नदीत झाले आणि तेव्हापासून त्या तिथीला सर्वोदय मेळ्याची परंपरा पडली. या मेळ्यासाठी विनोबांनी सुचवलेली कल्पना सूतांजलीची. येणाऱ्याने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी आणून अर्पण करावी. मेळ्याला तिकीट नाही, वर्गणी नाही, निमंत्रणही नाही; परंतु रिकाम्या हाताने येणेही अपेक्षित नाही. पुढे 'सर्वोदय-पात्र' ही कल्पना आली. घरातील लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य एका पात्रात टाकावे, असे तिचे स्वरूप होते. मोठ्या माणसाची मूठ मोठी असते, म्हणून लहान मुलाची, हा विनोबांचा सूक्ष्म विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. देण्याचे प्रमाण येथे इतके उतरवले आहे की देण्यापासून कोणीही वंचित राहू नये.

सूतांजली हा कलाप्रयोग नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. तो मान्य करूनही असे म्हणावे लागते की शिदोरीचे तत्त्व विसाव्या शतकात ज्या स्वरूपात जगवले गेले, त्यातील एक स्पष्ट रूप पवनारच्या नदीकाठावर आढळते. काल्यात भाकर, सूतांजलीत सूत, सर्वोदय-पात्रात धान्य. तिन्ही ठिकाणी 'विनामूल्य' या शब्दाचा अर्थ 'फुकट' असा होत नाही. जुन्या मराठीतील 'मुक्तद्वार' हा शब्द या भावाला अधिक जवळचा आहे: दार उघडे आहे, आत येताना काय आणावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

या तत्त्वाचा वारसा केवळ आध्यात्मिक वा गांधीवादी परिवारापुरता मर्यादित आहे असेही नाही. 2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्यात 96 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच दिवसांत त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही झाले. मूठभर धान्य आणि एक रुपया अशा लोकवर्गणीचे आवाहन ही विद्रोही संमेलनांची ओळख आहे. शासकीय अनुदानावरील उत्सव आणि मूठभर धान्यावरील उत्सव यांची वैचारिक भांडणे आपल्या जागी. पण साहित्याच्या व्यासपीठालाही अन्न कोठून आले हा प्रश्न चुकत नाही, हे त्या योगायोगाने वर्धेकरांच्या डोळ्यांसमोर आले.

पंगतीतील अंतर :

काल्याची समता हा संप्रदायाचा अभिमानविषय आहे. त्याचे परीक्षण मात्र पंगतीत होते, निरूपणात नव्हे. ज्या समाजात चोखोबांना मंदिराबाहेर राहावे लागले आणि पंढरीचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले, त्या समाजातील काल्यात प्रत्येकाची शिदोरी खरोखर मिसळत होती काय? वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर 1928 मध्ये अस्पृश्यांना खुले केले. याचाच अर्थ तोपर्यंत ते बंद होते. मंदिराच्या अंगणातील पंगत त्या दारापेक्षा अधिक उदार असेल, असे मानण्यास आधार नाही.

'अन्न घेणे' आणि 'अन्न देणे' यांत जातिव्यवस्थेने स्पष्ट भेद केला होता. वरून टाकलेले अन्न घेण्यास कोणाला मनाई नव्हती. हाताने शिजवलेले अन्न देण्यास होती. म्हणून काल्यातील शिदोरीचे तत्त्व दानाच्या तत्त्वापेक्षा कितीतरी अधिक कठीण आहे. अनंत हरि गद्रे यांनी हे नेमके ओळखले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या दांपत्याच्या हस्ते सत्यनारायण आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर, अशी त्यांची योजना होती. शिऱ्याच्या जागी झुणका-भाकर येणे ही केवळ काटकसर नव्हती. ज्याच्या घरी जे शिजते तेच प्रसाद, असा त्याचा अर्थ होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 मध्येच सहभोजनाच्या मर्यादा दाखवून दिल्या होत्या. एकत्र जेवल्याने जातीची भावना मरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो अनुभवाने खरा ठरला आहे, आणि काल्याविषयी लिहिताना गहिवरणाऱ्या लेखकांनी तो विशेष ध्यानात ठेवावयास हवा. तरीही एक भेद करणे आवश्यक वाटते. आंबेडकरांपुढे जातिनिर्मूलनाचा उपाय म्हणून सहभोजन पुरेसे आहे काय, हा प्रश्न होता. समीक्षेपुढील प्रश्न मर्यादित आहे: जो प्रयोग मिसळण्याची कथा सांगतो तो आपल्याच शेवटच्या अंकात तिला खोटे पाडतो काय?

खाद्यगाडीचा पक्ष :

आता नागर रूपांकडे वळता येईल. दुपारच्या कार्यक्रमांचे एक प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. महायुद्धामुळे रात्रीची सभागृहे बंद पडली तेव्हा पियानोवादक मायरा हेस यांनी 10 ऑक्टोबर 1939 पासून नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली सुरू केल्या. चित्रे सुरक्षिततेसाठी हलवल्याने भिंती रिकाम्या होत्या. एक शिलिंग दिले की कोणालाही आत जाता येई आणि जवळच स्वयंसेविका सँडविचेस विकत. मैफल विनामूल्य नव्हती, उघड्यावरही नव्हती. तरीही जेवणाची सुटी आणि कला यांची तेथे पडलेली सांगड आजच्या नागर कार्यक्रमांची पूर्वज मानता येते. मुंबईत 1999 पासून होणारा काळा घोडा कला महोत्सव हे आपल्याकडील मोठे उदाहरण. तेथे प्रवेश विनामूल्य असतो, खर्चाचा भार प्रायोजक उचलतात आणि खाद्यपदार्थ विकत मिळतात.

या व्यवस्थेत कला फुकट आणि अन्न विकत, अशी विभागणी आहे. श्रोता हा एका अर्थाने प्रायोजकाचा पाहुणा आणि दुसऱ्या अर्थाने विक्रेत्याचा ग्राहक असतो. दात्याच्या भूमिकेत तो कोठेच नसतो. हा मूलभूत भेद मान्य केल्यावर खाद्यगाडीवर टीकेची झोड उठवणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य ठरणार नाही. यात्रेत रेवड्या, बत्तासे, चिवडा, जिलबी यांची दुकाने पूर्वापार लागत आली आहेत आणि त्या विक्रीने कोणत्याही देवाचा उत्सव बाटलेला नाही. हातगाडीवाल्याचे पोट त्या दिवसाच्या विक्रीवर असते. शिवाय पैसे मोजून घेतलेल्या पदार्थाला एक वेगळी प्रतिष्ठा आहे. विकत घेणाऱ्याला कोणी पंगतीतून उठवू शकत नाही, त्याला दात्याचे नाव ऐकावे लागत नाही, आणि गाडीवाल्याची जात विचारून कोणी तर्री-पोहे खात नाही, निदान उघडपणे तरी नाही. पंगतीने जे शतके साधले नाही ते बाजाराने काही अंशी साधले, ही कबुली काल्याच्या चाहत्यांनी द्यावयास हरकत नसावी.

आक्षेप आहे तो जागेबद्दल. जत्रेत दुकाने मंडपाबाहेर असतात. आत अन्न असते ते सर्वांचे. नागर कार्यक्रमात गाड्या प्रांगणातच असतात आणि गाण्याचा उपयोग गिऱ्हाईक थांबवून ठेवण्यासाठी होऊ लागतो. गायक मध्येच थांबला तरी खाणे थांबत नाही, खाणे संपले तरी गाणे चालू राहते. दोहोंची लय एकमेकांना बांधलेली नाही. काल्यात आचारी आणि कीर्तनकार यांच्यात जी अदृश्य जुगलबंदी चालते तिला येथे अवकाशच नाही.

नदीकाठी सहलीला जाऊन गोवऱ्यांच्या आहारावर रोडगे भाजणे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण करणे हा विदर्भातील जुना छंद. त्यात प्रत्येक घर काहीतरी आणते: कोणी कणीक, कोणी वांगी, कोणी तूप. त्याला कोणी कलाप्रयोग म्हणणार नाही, पण त्यात एखादा खंजिरीवर भजन धरणारा निघाला तर काल्याची सर्व अंगे नकळत पूर्ण होतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेने खंजिरी विदर्भाच्या घराघरांत पोचवली असल्याने असा कोणी निघणे दुर्मीळही नाही.

ताटांची गोष्टही येथेच नोंदवावी लागते. भागवतातील मुलांनी पान, फूल, साल आणि दगड यांची ताटे केली. विदर्भात पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण कालपरवापर्यंत होते. त्यांची जागा थर्माकोलने घेतली. 2018 मध्ये राज्यात त्यावर बंदी आली. त्यानंतरही पंगतीत काय वाढले जाते आणि पंगतीनंतर ओढ्या-नद्यांत काय तरंगते, हे ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे. प्रयोगाची नेपथ्यसामग्री म्हणून या ताटांचा विचार केला तर, वनभोजनाचे निरूपण ऐकून थर्माकोलच्या ताटात जेवणारी सभा ही नेपथ्याची गंभीर चूक ठरते.

वगळलेला प्रसंग :

काल्याच्या निरूपणात भागवतातील वनभोजनाचा पुढचा भाग बहुधा थोडक्यात आटोपला जातो. मुले जेवणात रमलेली असताना वासरे दूर निघून जातात. मुले घाबरतात. कृष्ण त्यांना जेवत राहण्यास सांगतो आणि स्वतः हातात घास तसाच घेऊन वासरांच्या शोधात उठतो. इकडे ब्रह्मदेव वासरे आणि मुले दोन्ही लपवतो. एक वर्ष जाते. वर्षानंतर सर्व जण पुन्हा त्याच वाळवंटावर बसलेले असतात. मुलांना मधला काळ जाणवलेलाच नसतो, आणि ती कृष्णाला म्हणतात की तू इतक्या लवकर आलास, तुझ्यावाचून आम्ही एक घासही खाल्लेला नाही.

हंडी फोडण्याच्या घाईत हा प्रसंग मागे पडतो. त्याला नृत्य नाही, फुगडी नाही आणि ध्वनिक्षेपकावर तो फारसा उठतही नाही. परंतु पंगतीपूर्वी, भात तयार होण्याच्या वेळी, मंडपाच्या कडेला अद्याप काही जण उभे असताना, निरूपणास याहून योग्य प्रसंग काल्याच्या साऱ्या साहित्यात दुसरा नाही.